चालत्या इंजिनाची पट्टी

मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी मला तेलाची पट्टी बघायला शिकवली. शाळेची पाटी-पेन्सिल सांभाळायची अक्कल मला तेव्हा धड नव्हती, पण जीपचं बॉनेट उघडून पट्टी कुठे असते, ती कशी ओढायची, फडक्याने पुसून परत कशी घालायची आणि पुन्हा ओढल्यावर तेल कुठल्या रेघेपर्यंत आलंय ते कसं वाचायचं, हे मला येत होतं. बाबांचा नियम एकच होता. इंजिन बंद करायचं, एक चहा प्यायचा आणि मग पट्टी बघायची. घाईत कुणी गाडी चालू ठेवून पट्टी ओढली, की ते हातातून पट्टी काढून घ्यायचे.

"चालत्या इंजिनाची पट्टी खोटा बोलता," म्हणायचे.

नांदगावला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज आहे. मी मालवणला राहते आणि डिप्लोमाच्या मुलांना इंजिनं शिकवते. गॅरेजवाल्याची मुलगी इंजिनं शिकवते, याचं लोकांना कौतुक वाटतं. बाबांना तर इतकं, की गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी हवा भरायला थांबलेल्या रिक्षावाल्यालाही, ते ऐकवायचे. आणि अडलं की मला फोन करायचे. खरं तर त्यांचं फारसं अडत नसे. त्यांना नुसतं बोलायचं असायचं. नव्या गाड्यांत सेन्सर आले, तारांचे जुडगे आले, तेव्हा "ह्यां काय गो नवीन?" असं विचारायचे. मी सांगायचे, मग ते माझ्याशी वाद घालायचे, मी चिडायचे आणि दहातल्या चार वेळा त्यांचंच बरोबर निघायचं. आमचं बापलेकीचं प्रेम म्हणजे हेच होतं. दुसरं काही बोलायला आम्हा दोघांनाही कधी जमलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पावसाळा संपून रस्ते नुकते सुकले होते. मुंबईहून गोव्याला निघालेली एक स्पोर्ट्स कार नांदगावच्या अलीकडे एका गतिरोधकाला घासली. जमिनीपासून चार बोटं उंच असलेली ती गाडी आमच्याकडच्या गतिरोधकावरून जाणार तरी कशी? पोटाखालचं प्लास्टिकचं आवरण फाटून रस्त्यावर लोंबायला लागलं आणि ड्रायव्हिंग करणारा मालक पहिल्या दिसेल त्या गॅरेजवर थांबला. ते बाबांचं.

बाबांनी चटई टाकली आणि गाडीखाली गेले. वय सत्तरीला टेकलेलं, पण खाली जाताना अजूनही ते कुणाचा हात घेत नाहीत. ते आवरण त्यांनी पूर्ण काढलं, फाटलेल्या जागी आतून पत्रा लावून रिव्हेट मारले आणि पुन्हा असं बसवलं, की नंतर गोव्याच्या मेकॅनिकनेही ते उघडायची गरज नाही म्हणून तसंच ठेवलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण त्या दिवसाबद्दल बोलताना हे कुणीच सांगत नाही.

काम झाल्यावर मालक म्हणाला, "काका, एकदा ऑइलपण बघून घ्या, लांब जायचंय." गाडी त्याने जुनी विकत घेतली होती आणि घेऊन महिनाही झाला नव्हता. ती चालवायला त्याला येत होती. तिच्याबद्दल बाकी त्याला फारसं काही माहीत नव्हतं.

बाबांनी मला फोन केला.

त्या वेळी आमच्या कॉलेजात तपासणी समिती आलेली होती. टेबलाच्या पलीकडे दोन साहेब बसले होते, मध्ये माझ्या फायलींचा ढीग होता, आणि मी आठवडाभर इस्त्री करून ठेवलेली साडी नेसून, आठवडाभर घोकून ठेवलेलं मराठी बोलत होते. दुपारी बाबांचा फोन कधी येत नाही, म्हणून दचकून उचलला.

"गो, कामात आसंस?"

"बोला."

"येक गाडी इली हा. इंजिन फाटसून आसा. पण चेंबर खंय तोच गावणा नाय. खाली नुसती ताटली. आणि बाजूक तेलाची येगळी टाकी. पट्टी त्या टाकीत. मी बघू तरी कशी?"

आमच्याकडे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याला चेंबर म्हणतात. गाडी दगडाला आपटली, की पहिला तोच फुटतो, म्हणून मेकॅनिकच नव्हे, गाडी चालवणारा प्रत्येक माणूस तो शब्द ओळखतो. बाबा सांगत होते की इंजिन मागच्या बाजूला आहे आणि त्याला चेंबर नाही. खाली उथळ ताट आहे, तेल वेगळ्या टाकीत आहे. याला ड्राय संप म्हणतात. त्याच आठवड्यात मी फळ्यावर त्याची आकृती काढून मुलांना शिकवलं होतं. माझ्या वडिलांनी चटईवर पडून, बॅटरीच्या उजेडात बघून, मला माझीच आकृती शब्दाशब्दाने वाचून दाखवली आणि मला ती ओळखू आली नाही. खरं सांगायचं, तर मी ऐकतच नव्हते. साहेबांना मालवणी ऐकू जातंय का, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी म्हणाले, "इंजिन बंद करा आणि थंड झाल्यावर पट्टी तपासून घ्या. पातळी कमी असेल तर भर घाला. मी नंतर बोलते."

"बरां," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी नंतर बोलले नाही. समिती गेली, आम्ही स्टाफने पेढे खाल्ले, आणि मी विसरले.

बाबांनी इंजिन बंद केलं. चहा प्यायले, मालकालाही पाजला. मग पट्टी ओढली, तर ती कोरडी ठणठणीत. मालकाच्या डिकीत, म्हणजे त्या गाडीच्या पुढच्या पेटीत, तेलाचे दोन डबे होते. बाबांनी दोन्ही ओतले. दोन लिटर. गाडी गेली.

तिने कुडाळ ओलांडलं, सावंतवाडी मागे टाकली आणि इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर रांगेत उभी असताना मागून निळा-पांढरा धूर ओकायला लागली. लोक पळाले. कुणीतरी आग विझवायचा सिलेंडर घेऊन आलं, कुणीतरी मोबाइल काढला. आग नव्हतीच. जास्तीचं तेल टाकीत मावेना, ते हवेच्या नळीतून इंजिनात शिरलं आणि जळायला लागलं. मालकाने वेळेवर चावी फिरवली म्हणून इंजिन वाचलं. गोव्याहून गाडी न्यायला ट्रक आला, तेल काढलं, नळ्या साफ केल्या आणि विषय संपला. त्याच्यापुरता.

मोबाइलमधल्या चित्रीकरणात तो मालक कुणाला तरी सांगताना ऐकू येतो, "नांदगावला एका गॅरेजवाल्याने दोन लिटर तेल ओतलं हो." गावाचं नाव आलं, तेल आलं, धूर आला. आमच्या जिल्ह्यात एवढं पुरतं. दोन दिवसांत ते सगळ्या ग्रुपांवर फिरलं.

मला ते वर्गात कळलं. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावर मुलं हसत होती. एका मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "मॅडम, हे ड्राय संपच ना? चालू ठेवून बघायचं असतं ना याचं?" तिला माझं शिकवणं कळलं होतं. तिचं कौतुक करायला हवं होतं. मी पडद्याकडे बघत उभी राहिले आणि हातातला खडू नुसता चोळत राहिले.

साध्या गाडीत इंजिन थांबलं, की वर गेलेलं सगळं तेल निथळून चेंबरमध्ये येतं. म्हणून बाबांचा नियम बरोबर. त्या गाडीत उलटं असतं. इंजिन चालू असताना एक पंप खालच्या ताटातलं तेल ओढून टाकीत टाकत असतो, दुसरा पंप टाकीतून ते पुन्हा इंजिनाला देत असतो. इंजिन बंद केलं आणि थांबलं, की टाकीतलं तेल हळूहळू इंजिनात झिरपतं आणि टाकी रिकामी दिसते. तिथे थांबलेल्या इंजिनाची पट्टी खोटं बोलते. चाळीस वर्षांत ज्या नियमाने बाबांना एकदाही दगा दिला नव्हता, त्या नियमावर मी बाईसाहेबांचा शिक्का मारून दिला होता.

रविवारी मी आचऱ्यावरून कणकवलीला आणि तिथून नांदगावला गेले. घरी न जाता आधी गॅरेजवर उतरले. बाबा एका टेम्पोच्या बॉनेटमध्ये वाकलेले होते. टेम्पोवाला स्टुलावर बसून म्हणत होता, "काका, तेल बेतान घाला हां." बाबा हसले. समोरच्या चहाच्या हॉटेलातून कुणीतरी हाक मारली, "दोन लिटर, चाय पाठवू?"

आमच्याकडे टोपणनाव पडलं, की ते माणसाबरोबरच जातं. गावात एकाला "उद्या" म्हणतात, कारण तो चाळीस वर्षांपूर्वी कुणाची तरी कौलं उद्या देतो म्हणाला होता. त्याच्या नातवालाही "उद्याचो नातू" म्हणतात. त्यात वाईट हेतू नसतो. बाबांनाही आजवर सगळे "मेस्त्री" म्हणायचे, हायवेवरचे ड्रायव्हर, बँकेतले साहेब, देवळातले भटजीसुद्धा. त्या जागी आता दोन लिटर आले होते. बाबा "पाठव रे" म्हणाले. मला मात्र रडू आलं, आणि ते लपवायला मी पान्ह्यांच्या फळीकडे तोंड करून उभी राहिले.

टेम्पो गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, त्या मालकाचो फोन इलो होतो?"

"इलो होतो. चांगलो माणूस. 'काका, हिचं ऑइल इंजिन चालू ठेवून बघायचं असतं' असां तो म्हणालो. मी म्हटलंय, माझी चूक झाली."

"माझा नाव सांगलात?"

"तुझा कित्याक?" त्यांनी फडक्याला हात पुसले. "माका ती गाडी समजावून सांग बघू. ह्यां सगळा कित्याक केल्यानी? चेंबर वाईट होतो काय?"

मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने आकृती काढली. साध्या इंजिनाखाली चेंबर हवा, म्हणून तेवढी उंची खाली सोडून इंजिन वर बसवावं लागतं. स्पोर्ट्स कारला ते चालत नाही. सगळ्यात जड वस्तू तीच, ती जेवढी जमिनीजवळ तेवढी गाडी वळणावर कमी कलंडते. म्हणून चेंबर काढून टाकला, त्याच्या जागी ताट बसवलं, तेल बाजूला टाकीत नेलं आणि इंजिन तेवढं खाली आणलं. शिवाय जोरात वळलं, की चेंबरमधलं तेल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. उथळ ताटात तेल थांबतच नाही, त्यामुळे तेही दुखणं गेलं. टाकी जिथे जागा असेल तिथे ठेवता येते, मग इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, सीटच्या मागे, हवं तसं बसवायला मोकळीक मिळते.

बाबा आकृतीवर वाकले. त्यांचं बोट तेलाने काळं झालेलं होतं, ते त्यांनी कागदाला न टेकवता वरूनच फिरवलं.

"चेंबर काढल्यानी, बरां," ते म्हणाले. "इंजिन खाली बसला. पण फ्लायव्हील खंय जातला? तां ह्या ताटलीपेक्षा खाली येता. तां जमिनीक लागताला."

इतकी वर्षं ती आकृती फळ्यावर काढते, पण इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हीलचं मोठं चाक असतं, क्लच असतो आणि चेंबर गेल्यावर इंजिन किती खाली येणार ते आता त्या चाकावर ठरणार, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. पुस्तकात तेवढं चाक दाखवलेलंच नसतं.

"म्हणान त्येंनी क्लच ल्हान केल्यानी आसतलो," बाबा स्वतःशीच बोलले. "दोन प्लेटी घालून. मगे गिअरबॉक्सपण खाली आणूक व्हयो."

शर्यतीच्या गाड्यांत नेमकं हेच करतात. मी नंतर घरी जाऊन शोधलं. माझ्या वडिलांनी ते पेन्सिलच्या चार रेघांवरून दोन मिनिटांत काढलं होतं. आणि त्या माणसाला सगळा तालुका तेल ओतता येत नाही म्हणून हसत होता.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, चूक माझी आसा. तुमी माका सगळा सांगलात. मी ऐकूकच नाय. त्या आठवड्यात मी ह्यांच शिकवलेलंय पोरांक."

"माका म्हायत आसा."

"काय म्हायत आसा?"

बाबांनी आकृतीची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"तेल ओतताना माका बरां वाटणा नव्हता. टाकी तेवढी मोठी, आणि पट्टी अगदीच सुकी. येवढा तेल गेला तर खाली खंय तरी डाग पडूक व्हयो होतो. मी चटयेर झोपलेलंय, माझ्या पाठीक पण तेल नाय. मी म्हटलंय, परत फोन करूया. मगे म्हटलंय, नको."

"कित्याक नको?"

"आपल्या भाशेत बोलतंस तेव्हा मी तुझ्याशी भांडतंय. त्या दिशी तू शुद्ध बोललंस. माका वाटला, पुस्तकातला सांगतंस. शुद्ध बोलणाऱ्या माणसाक मी काय सांगतलंय?"

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं सांगत होते, एखाद्या गाडीत काय बिघडलं होतं ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं. आयुष्यभर तहसीलदार कचेरीत, बँकेत, आरटीओत शुद्ध बोलणाऱ्यांसमोर ते असेच मान खाली घालून "बरां" म्हणत आलेत, हे मी लहानपणापासून बघितलेलं आहे. मला त्याचा राग यायचा. त्या साहेबांच्या रांगेत मी कधी जाऊन बसले ते मला कळलंसुद्धा नाही.

मी त्यांना म्हटलं, मी हॉटेलात जाऊन सगळ्यांना सांगते की हे माझ्यामुळे झालं. बाबा एकदम म्हणाले, "काय नको." आणि मग, "तुझी नोकरी शिकवण्याची. माझी काय, दोन लिटर तर दोन लिटर." मी गेले नाही. त्यांनी नको म्हटलं म्हणून गेले नाही, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला भीतीही वाटली. मालवणात माझ्या नावाने असलं काही चिकटलं असतं, तर वर्गात उभी कशी राहिले असते? एवढंच लिहिते आणि पुढे जाते, कारण यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

गॅरेजच्या पाटीवर "सर्व प्रकारच्या गाड्यांची कामे" असं होतं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा पहिल्या दोन शब्दांवर लाल रंगाचा हात मारलेला दिसला. आता नुसतं "गाड्यांची कामे" आहे. परराज्यातली, नव्या तऱ्हेची गाडी थांबली, की बाबा तिला कणकवलीचा रस्ता दाखवतात. रिक्षा, टेम्पो, जीप यांवर त्यांचा हात पहिल्यासारखाच चालतो.

वर्गात मी आता तो धडा मालवणीत शिकवते. ड्राय संपाला सुको चेंबर म्हणते. मुलं आधी हसतात, मग त्यांना तो पक्का कळतो. फळ्यावरच्या आकृतीत मी फ्लायव्हीलचं चाक काढते. ते कुणी सांगितलं, हे मात्र अजून एकदाही माझ्या तोंडून निघालेलं नाही.

बाबांचा फोन येतो, पूर्वीपेक्षा जास्त येतो. कुणीही समोर असो, प्राचार्य असोत, मी वर्गातून बाहेर येते, व्हरांड्यात उभी राहते आणि आमच्या भाषेत मोठ्याने बोलते. पहिले काही महिने वाटायचं, आज विचारतील. एखादा सेन्सर, एखादी नवी तार, एखादा दिवा जो विझत नाही. मीच एकदोनदा विषय काढला, "गॅरेजर काय नवीन?" तर म्हणाले, "नवीन काय असतला."

काल फोन आला तेव्हा मागे कुठलंतरी इंजिन चालू होतं. एका सिलेंडरात ठिणगी चुकत होती, मला फोनवरूनसुद्धा ऐकू येत होती. त्यांना येतच असणार. मी वाट बघितली.

"जेवलंस?" बाबांनी विचारलं.

"जेवलंय," मी म्हटलं. "तुमी?"

"आता जेवतलंय." मागे ठिणगी पुन्हा चुकली. "थंय पाऊस आसा?"